कोऱ्या काचेवरच्या लाल काड्या

परभणीच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला लागलो तो सरकारी नव्हता. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेला धर्मादाय दवाखाना होता. आता तो दवाखाना नाही आणि त्याची इमारतही नाही, म्हणून मोकळेपणानं लिहायला हरकत नाही.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाला पाचएक वर्षं होऊन गेली होती. मी मूळचा वालूरचा. शाळा सगळी उर्दूतून झाली. मॅट्रिकनंतर हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात वर्षभर राहून रक्त, लघवी आणि थुंकी तपासायचं काम शिकलो. तिथले उस्ताद सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणायचे आणि बेडक्याला बलगम. परभणीला आलो तेव्हा तपासणीचं रजिस्टर उर्दूतून मराठीत येत होतं. मधली बरीच पानं माझ्या हातची आहेत. एकाच ओळीत नाव मराठीत आणि निष्कर्ष उर्दूत, असं त्यात कितीदा तरी झालं आहे.

माझी खोली उत्तरेच्या बाजूला होती. खिडकीशी टेबल, त्यावर पितळी नळीचं एका डोळ्याचं यंत्र, स्पिरिटचा दिवा आणि रंगाच्या पाच-सहा बाटल्या. वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता. यंत्राच्या खालच्या आरशानं आभाळाचा उजेड पकडायचा आणि काम उरकायचं. ढगाळ दिवशी मी सरळ लघवीच्या तपासण्या काढून बसायचो.

पेशंटकडून चांगला बेडका मिळवणं हे त्या कामातलं निम्मं काम होतं. बाटली हातात दिली की माणसं तोंडातली लाळ थुंकून परत आणून देत. लाळेत काही सापडत नाही. मग मी त्यांना कडुलिंबाखाली नेऊन खोल श्वास घ्यायला लावायचो आणि छातीतून, अगदी खालून काढून थुंकायला सांगायचो. त्यातला पिवळा, चिकट धागा काडीनं उचलून काचेच्या पट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून तीनदा फिरवायचा. मग त्यावर लाल रंग ओतून खालून ऊब द्यायची, वाफ दिसेपर्यंत, पण उकळू द्यायचं नाही. नंतर आम्लानं धुवायचं. आम्लानं सगळ्यांचा लाल रंग उतरतो, एका क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर तो लाल काडीसारखा दिसतो, बारीक, किंचित वाकलेला. बाकीच्या जंतूंसाठी दुसरी रीत होती. तिच्यात जांभळा रंग, आयोडीन आणि स्पिरिट लागे. न्यूमोनियाचे जंतू तिच्यात जोडीजोडीनं जांभळे दिसत, टोकाला निमुळते, भोवती फिकट कडं असलेले.

यंत्राखाली काच सरकवत मी ती उर्दू वाचल्यासारखी उजवीकडून डावीकडे वाचायचो. एक ओळ संपली की जरा खाली, पुन्हा उजवीकडून.

डॉक्टर साठीकडे झुकलेले होते. निजामाच्या अमलात जिल्ह्याजिल्ह्यांत चाकरी करून निवृत्त झालेले. कमी बोलत. चुकलेल्या माणसाला ओरडत नसत, त्यामुळे चूक सांगायला जाताना जास्त जड जायचं, हे मला पुढं कळलं.

आमच्याकडे काचांची कायम टंचाई असायची. पेटी हैदराबादहून यायची आणि कधी यायची ते कुणी सांगू शकत नसे. उस्तादांनी बजावलं होतं की ज्या काचेवर लाल काडी दिसली ती काच पुन्हा वापरायची नाही, फेकून द्यायची. पहिलं वर्ष मी ते पाळलं. नंतर पेटी लांबत गेली, तशी मी सगळ्या काचा एकाच पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळू लागलो. घासून, पुसून, फडक्यावर मांडल्या की त्या लखलखीत दिसायच्या. हे मी डॉक्टरांना विचारलं नाही आणि त्यांच्यापासून लपवलंही नाही. त्यांनी कधी पातेल्यात डोकावलं नाही, एवढंच.

भाद्रपद असावा. ताडकळसच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एक मेंढपाळ आपल्या बायकोला घेऊन आला. त्याच्या खांद्यावर घोंगडी, तिच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचं मूल. दीड महिन्यापासून खोकला, संध्याकाळी कणकण, अंगावरचं मांस उतरलेलं. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली आणि खोकल्याची उबळ आली की मुलाला नवऱ्याकडे द्यायची, उबळ गेली की परत घ्यायची. पहिल्या खेपेला तिनंही लाळच दिली. मी समजावून परत पाठवली. दुसऱ्या खेपेचा बेडका चांगला होता.

मी काच तयार केली आणि बसलो. बराच वेळ काही दिसेना. इतर जंतू होते, निळे, पुष्कळ. पण लाल काडी नव्हती. सोडून द्यायच्या बेतात असताना एका कडेला एक दिसली. मग तिच्याजवळच दुसरी. सगळ्या मिळून पाच. मला आठवतं, मला आनंद झाला होता. दुसऱ्या कुणी कंटाळून काच उतरवली असती, मी चिकाटीनं शोधलं, असा तो आनंद होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

डॉक्टरांचं तिची छाती तपासून झालं होतं. मी सांगितलं की जंतू आहेत, थोडे आहेत.

"आवाज उजव्या बाजूला, खालच्या भागात आहेत," ते म्हणाले. "क्षय बहुतेक वरून सुरू होतो. तुम्हाला नक्की दिसले?"

"दिसले."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आणखी दोन दिवस राहून दोन बेडके देता येतील का, असं त्या माणसाला विचारलं. मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून आलो आहोत, आजच निघायला हवं, असं त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी मग पुढचा विचार केला. नव्यानं निघालेल्या गोळ्या दिल्या. क्षयाच्या सुयांसाठी औरंगाबादला लिहितो म्हणाले. आणि त्या काळी सगळे डॉक्टर सांगत तेच सांगितलं: वेगळं झोपवा, भांडी वेगळी ठेवा, थुंकी राखेत घेऊन जाळा, मुलाला अंगावर पाजू नका.

ती सगळं ऐकत होती. पायऱ्या उतरण्याआधी तिनं मुलाला पदराखाली घेऊन पाजलं, निवांत, पोट भरेपर्यंत. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मान वळवली. मग तिनं मूल नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्याच्या मागं दहा पावलं अंतर ठेवून चालू लागली.

त्या दिवशी आणखी सात-आठ तपासण्या होत्या. मी तिला विसरलो.

पौष-माघात मला सर्दी झाली. घसा बसला, छातीत कफ झाला. त्याच सुमारास लाल रंगाची बाटली संपली आणि मी नवा रंग बनवला. नवा रंग नीट उतरतो की नाही ते पाहायला ज्याला क्षय नाही अशा माणसाचा बेडका घ्यायचा असतो. हाताशी मीच होतो. काच रंगवली, यंत्राखाली धरली आणि तिसऱ्या की चौथ्या ओळीत मला लाल काड्या दिसल्या.

मी उठून हात धुतले. परत बसलो. त्या तिथंच होत्या. सात मोजल्या.

मी कुणाला काही बोललो नाही. त्या दिवशीच्या उरलेल्या बाटल्या तपासल्या, निष्कर्ष लिहिले, दिवा विझवला. घरी गेलो तेव्हा अजून ऊन होतं. आमची मुलगी तेव्हा रांगायला लागलेली. मला पाहिलं की उंबऱ्यापर्यंत यायची आणि हात वर करायची. तिनं हात वर केले. मी तिला न उचलता आत गेलो.

बायकोला सांगितलं की सर्दी लागेल पोरीला, दोन दिवस मी बाहेरच्या ओट्यावर झोपतो. पाण्याचा तांब्या वेगळा मागितला. बायको शहाणी होती. तिनं तांब्या दिला आणि विचारलं, "सर्दीच आहे ना?" मी हो म्हणालो. ती पोरीला घेऊन आतच बसली. पोरगी रडत होती, मला ऐकू येत होतं, आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून मनात हिशेब करत होतो की औरंगाबादची सुई यायला किती दिवस लागतील, वालूरला आईला कळवायचं की नाही, नोकरी सुटली तर ह्या दोघी कुठं राहतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बेडका घेतला. एकही काडी सापडेना. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतला, तासभर पाहिलं, काही नाही. सुटलो असं वाटायला हवं होतं. पण जंतू एक दिवस असतील आणि दोन दिवस नसतील, हे पटेना. पहिली काच मी ठेवून दिली होती. ती उजेडात तिरपी धरून पाहिली तर तिच्यावर एक ओरखडा होता, जुना, खोल. यंत्राखाली परत घातली. सातही काड्या त्या ओरखड्याच्या आजूबाजूला होत्या.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फडक्यावरून धुतलेल्या सहा काचा उचलल्या. त्यांच्यावर काहीही लावलं नाही. ना बेडका, ना पाणी. कोऱ्याच काचांना लाल रंग दिला, ऊब दिली, आम्लानं धुतलं, निळा दिला. पाच काचा साफ निघाल्या. सहावीवर दोन लाल काड्या होत्या.

रंगातच काही असेल, म्हणून डॉक्टरांच्या कपाटात अडीनडीला राखून ठेवलेल्या नव्या काचांपैकी एक मागून आणली. कधीही न वापरलेली. त्याच रंगानं रंगवली. ती स्वच्छ होती.

म्हणजे ते जंतू माझे नव्हते. आधी कधीतरी त्या काचेवर ज्याचा बेडका पसरला होता त्याचे होते. सोड्यात उकळून मेलेले, पण ओरखड्यात चिकटून राहिलेले आणि माझा रंग पुन्हा पकडणारे. घरी जाऊन पोरीला उचलावं, ही पहिली इच्छा. दुसरा विचार आला तो त्या पाच काड्यांचा. आनंदानं मोजलेल्या त्या पाच.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानं सगळं सांगितलं, पातेल्यापासून कोऱ्या काचेपर्यंत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या खोलीत आले, स्टुलावर बसले आणि ती कोरी काच स्वतः पाहिली. बराच वेळ त्यांचा डोळा यंत्राला लागलेला होता. उठताना त्यांनी एवढंच म्हटलं, "रजिस्टर आणा."

आम्ही दोघांनी मागची पानं चाळली. बहुतेक नोंदींत शंका नव्हती. ज्यांच्या काचेवर काड्यांचे झुबकेच्या झुबके होते आणि दोन-तीनदा तपासून तेच दिसलं होतं, ते खरेच आजारी होते. एकाच काचेवर, थोडेच जंतू, अशी तिघं निघाली. एक परभणीतलाच होता, त्याला बोलावून नव्या काचांवर तपासलं तर त्याला क्षय होताच. दुसरा कामासाठी आलेला परगावचा माणूस, हैदराबादकडे निघून गेलेला. त्याचा पत्ता लागला नाही, त्याचं काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही. तिसरी ती.

मी म्हणालो की वस्तीवर चिठ्ठी पाठवतो.

"चिठ्ठी कोण वाचणार तिथं?" डॉक्टर म्हणाले. "आणि वाचली तरी खरी का मानतील? आधी आपल्या कागदानंच सांगितलं होतं. तुम्ही स्वतः जा." मग म्हणाले, "एका काचेवर मीही सही केली. माझ्या कानाला वेगळं ऐकू येत होतं, तरी केली. तेही सांगा त्यांना."

त्या दिवशी घरी जाऊन मी मुलीला उचललं आणि बायकोला सगळं सांगितलं, दोन दिवस खोटं बोललो तेसुद्धा. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "त्या बाईचं मूल केवढं होतं?" मी सांगितलं. तिनं मग सकाळी मला भाकरी बांधून दिली.

ताडकळसच्या बाजाराला जाणारी मोटार पकडली. तिथून पुढं दीड कोस पायी. खिशात सहा नव्या काचा कागदात गुंडाळून घेतल्या होत्या. ज्वारी काढणीला आली होती, वाटेवर माणसं भेटत होती, वस्ती विचारत विचारत गेलो.

सासू दारात लोकर कातत बसली होती. आतून दोन मुलांचा आवाज येत होता. नवरा एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवून होता, त्याला कुणीतरी बोलावून आणलं. त्यानं मला ओळखलं आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. आणखी काही वाईट सांगायला आलो असं त्याला वाटलं असावं.

मी वाटेत बरंच जुळवलं होतं. बोलताना थोडंच बोललो. त्या दिवशी जे जंतू मला दिसले ते बहुधा तुमच्या बाईचे नव्हते, काच आधी वापरलेली होती, दुसऱ्या कुणाचे तरी तिच्यावर राहून गेले होते. ही चूक माझी आहे. डॉक्टरांनाही शंका होती, माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

"म्हंजे तिला न्हाई?" त्यानं विचारलं.

"नसावा. पण परत तपासल्याशिवाय मी तसं सांगणार नाही."

सासूनं चाती थांबवली. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मागल्या टायमालाबी तुमीच सांगितलं हुतं." आणि पुन्हा कातायला लागली.

ती ओढ्यापलीकडे एका खोपीत राहत होती. पाच महिने. जेवण ओढ्याच्या काठी एका दगडावर ठेवलं जायचं, माणूस मागं सरला की ती येऊन न्यायची. मूल जाऊ सांभाळत होती, आपल्या मुलाबरोबर त्यालाही पाजत होती. कुणी तिला छळलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्तच त्यांनी पाळलं होतं.

नवरा ओढ्याच्या अलीकडे थांबला, मी पलीकडे गेलो. ती बारीक झाली होती, खोकत होती, पण माझ्या कल्पनेतल्यापेक्षा बरी होती. तिनं बसायला पोतं टाकलं, ते स्वतःपासून लांब. मी ते उचलून जवळ टाकलं आणि बसलो. तिला पुन्हा सगळं सांगितलं. ती जमिनीकडे पाहत ऐकत होती.

"मंग दादा," ती म्हणाली, "माजं दूध आटलं की."

आवाज चढलेला नव्हता. माहिती द्यावी तसं तिनं ते सांगितलं. मी मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "बाटली आणलाव का? द्या."

मी ताडकळसला ओळखीच्या एका मास्तरांकडे तीन दिवस राहिलो आणि रोज सकाळी वस्तीवर गेलो. सकाळचा पहिला बेडका सगळ्यात चांगला. कागद उलगडून नवी काच काढायची, तिच्यावर बेडका पसरायचा आणि चुलीच्या जाळावरून फिरवून पक्का करायचा, हे मी मुद्दाम त्यांच्या अंगणात, सगळ्यांसमोर केलं. रोज दोन काचा. दुसऱ्या दिवशी सासू उठून जवळ आली. तिनं काच उजेडाकडे धरायला लावली आणि दोन्ही बाजूंनी पाहिली.

सहा काचा घेऊन परभणीला आलो. तीन लाल रंगासाठी, तीन जांभळ्यासाठी. लाल रंगाच्या तिन्ही मी पाहिल्या आणि मग डॉक्टरांनी पाहिल्या, एकमेकांना काही न सांगता. दोघांनाही एकही काडी दिसली नाही. जांभळ्या काचांवर मात्र उत्तर समोर होतं. पुवाच्या पेशी भरपूर आणि त्यांच्यामध्ये जांभळ्या जोड्या, निमुळत्या टोकांच्या, प्रत्येकीभोवती फिकट कडं. डॉक्टर म्हणाले, "न्यूमोनिया होऊन गेलेला दिसतो. अर्धवट बरा झाला आणि कफ खाली बसून राहिला. मला ऐकू येत होता तो हाच." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

त्यांनी तिला परभणीला बोलावून पेनिसिलिनसाठी दवाखान्यात ठेवून घेतलं. मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती. स्वयंपाकाला जाऊ आली आणि दोन्ही मुलांना घेऊन आली. सुई मी द्यायचो नाही, ते कंपाउंडरचं काम, पण दिवसातून एकदा मी तिकडे जाऊन बेडका घ्यायचो. चौथ्या दिवसापासून पिवळेपणा कमी झाला. आठव्या दिवशी जांभळ्या जोड्या शोधाव्या लागल्या.

मुलगा मात्र तिच्याकडे जाईना. जाऊबाईला आई समजून तिच्या लुगड्याला धरून उभा राहायचा आणि हिनं हात पुढं केला की तोंड फिरवायचा. ही जबरदस्ती करत नसे. भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून वाटी दोघींच्या मध्ये ठेवायची आणि आपलं काम करत बसायची. एक दिवस जाऊबाई बाजाराला गेली असताना तो रडून रडून दमला आणि हिच्या मांडीवर झोपला. मी दारात आलो तेव्हा तिनं मला खुणेनं परत पाठवलं. त्या दिवशीचा बेडका घ्यायचा राहिला. पुढं वर्षभरानं ती सांगत होती की अजून तो दोघींनाही आईच म्हणतो आणि काही लागलं की आधी जावेकडे जातो.

डॉक्टरांनी रजिस्टरमधली ती जुनी नोंद खोडू दिली नाही. त्या नोंदीसमोरच मला माझ्या अक्षरात लिहायला लावलं की ही तपासणी चुकीची ठरली, काच आधी वापरलेली होती, आणि खाली सही. मराठीत लिहिलं. त्यानंतर लाल काडी दिसलेली प्रत्येक काच मी त्याच दिवशी फोडून चुन्याच्या मडक्यात टाकत आलो. पेटी यायला उशीर झाला तर तपासणी थांबवली, लोकांना परत पाठवलं. त्यांची बोलणी खाल्ली.

तिचा खोकला पुरता गेला नाही. थंडी पडली की दरसाल उचल खायचा. ती यायची, बाटली घ्यायची आणि कडुलिंबाखाली जायची. येताना वस्तीवरच्या आणखी कुणाला तरी आणायची आणि छातीतून, खालून कसं काढायचं ते त्यांना तीच दाखवायची. माझ्यापेक्षा तिचं लवकर समजायचं लोकांना. परत आली की माझ्या टेबलाशी उभी राहून विचारायची, "काच नवी हाय न्हवं?" मी कागद उलगडून दाखवायचो. हे दरवेळी व्हायचं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यानंतरच्या एका हिवाळ्यात ती सासूला घेऊन आली. म्हातारी खोकत होती, वाळली होती. मी तीन दिवस तीन काचा केल्या. तिन्हींवर लाल काड्या होत्या, पहिल्याच ओळीत, झुबक्यांनी. शोधायची गरज नव्हती. तरी मी डॉक्टरांना दाखवल्या आणि मग सुनेला बोलावून सांगितलं. तिनं विचारलं की तिन्ही काचा नव्या होत्या का, तिन्हींवर हायेत का, मोठ्या साहेबांनी बघितल्या का. मी सगळ्याला हो म्हणालो.

"गोळ्या द्या," ती म्हणाली. "पर मी तिला खोपीत न्हाई ठिवणार. घरातच कसं ठिवायचं ते सांगा."

डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं. झोपायची जागा दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला. थुंकीला झाकणाचा डबा, त्यात राख. पोरांना तिच्या अंथरुणात झोपू द्यायचं नाही, पण म्हातारीशी बोलायला, तिच्यासमोर जेवायला हरकत नाही. गोळ्या महिन्याच्या महिन्याला, एकही दिवस न चुकवता, वर्षभर तरी. म्हातारी तोवर भिंतीला टेकून बसली होती. तिला मी वाकून सांगितलं, "माय, गोळ्या सोडायच्या नाहीत." ती माझ्याकडे पाहत राहिली आणि तिनं मान हलवली.

गोळ्या न्यायला कधी म्हातारीचा मुलगा यायचा, कधी सून. मेंढरं लांब गेली की त्यांचा एखादा शेजारी यायचा आणि चिठ्ठीवरचं नाव दाखवायचा. वर्षानं म्हातारीला आणलं तेव्हा काचेवर काही नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी व्यापाऱ्यांनी दवाखाना बंद केला. डॉक्टर मुलाकडे राहायला गेले, मी दुसरीकडे नोकरी धरली. यंत्र कोण घेऊन गेलं ते मला माहीत नाही. रजिस्टर मी मागून घेतलं, ते अजून माझ्याकडे आहे.